पिकलिंगच्या निळ्या ॲसिडातून करंट लावून तांबं निघतं का?

तुझा प्रश्न वाचला बाळा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामाचं वर्कशॉप, तांब्याच्या बसबार (करंट वाहायच्या जाड पट्ट्या) आणि अर्थिंगच्या पट्ट्या सल्फ्युरिकमध्ये पिकलिंग करायच्या, म्हणजे ॲसिडात बुडवून वरचा काळा थर काढायचा, त्यातल्या काहींवर निकल मारायचं, आणि मागच्या बाजूला वापरलेल्या ॲसिडची आठ निळी पिंपं साठलीत. एक माणूस पिंपामागं थोडे पैसे देऊन घेऊन जातो म्हणायलाय. तू व्हिडिओत बघितलंस की दोन पत्रे बुडवून करंट सोडला की तांबं चिकटतं, आणि वेल्डिंगचं मशीन घरचंच आहे. तर करू का, निकल पण निघेल का, आणि जमलं तर शेजारच्या दोन वर्कशॉपचं ॲसिड आणून त्यातलं पण काढू का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

तांबं निघतं, त्यात शंकाच नको. मी सोलापुरात प्लेटिंग आणि त्याचं सांडपाणी हेच काम अठ्ठावीस वर्षं करतोय, सुरुवात केली होती एक्सरेच्या वापरलेल्या हायपोतून (फिल्म धुवायच्या रसायनातून) चांदी काढण्यापासून, तेव्हा दवाखान्या-दवाखान्यातून कॅन गोळा करत फिरायचो, आता एक्सरे डिजिटल झाले आणि ते काम संपल्यातच जमा आहे. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती आधी सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. तांबं निघणार का नाही हे रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणाऱ्या मशीनवर) ठरत नाही, पिंपावर ठरतं. पिंपात काय काय ओतलंय हे ज्याला माहीत आहे त्याचं काम साध्या सेटअपवर होतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला लाखाची मशीन दिली तरी हाताला काळा गाळ लागतो, नाहीतर त्याच्याहून वाईट काहीतरी होतं.

वाईट म्हणजे काय ते माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. लोडशेडिंगचे दिवस होते. मी एका वर्कशॉपसाठी असाच एक सेल, म्हणजे पत्रे बुडवून करंट सोडायची टाकी, लावून दिला होता, सल्फ्युरिकचं पिकलिंग, छान निळं पाणी, पहिले दोन महिने पत्र्यावर गुलाबी तांबं येत होतं. मग एकदा संध्याकाळी तिथल्या कामगारानं पितळी फिटिंगच्या ब्राइट डिपचं (बुडवून चकाकी आणायचं) ॲसिड, म्हणजे नायट्रिक, त्याच पिंपात ओतलं, कारण दोन्ही निळंच दिसतं आणि पिंपावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि ते लिहायला मी सांगितलं नव्हतं. रात्री लाईट गेली. करंट असतो तोवर तांबं पत्र्याला धरून राहतं, करंट गेला की नायट्रिक त्याला परत खायला लागतं आणि खाताना तपकिरी धूर सोडतं. एक पोरगा पत्रे वर काढायला गेला, चांगल्या मनानं गेला, माल वाचवायला. जरा खोकला, तोंड धुतलं, घरी गेला. मध्यरात्री त्याला श्वास लागेना. तो वायू असाच आहे, घेतल्या घेतल्या फार काही वाटत नाही आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, वाचला. सकाळी मी सेल बघितला तर पत्रे कोरे, दोन दिवसांचं तांबं परत पाण्यात. तेव्हापासून माझ्याकडं कोणीही आलं की मी पहिल्यांदा ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश आणायला लावतो. सल्फ्युरिकचं पिंप वेगळं, नायट्रिकचं वेगळं, हायड्रोक्लोरिकचं वेगळं, निकलच्या पहिल्या रिन्सचं (धुतलेल्या पाण्याचं) वेगळं, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख. तपकिरी धूर कुणी थोडा जरी घेतला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचं आणि रात्रभर देखरेखीत ठेवायचं, हे मामाला पण सांगून ठेव.

आणि एक, मामाकडं सायनाइडचा बाथ (प्लेटिंगची टाकी) आहे का? कॉपर स्ट्राइक (तांब्याचा पहिला पातळ थर) किंवा जुन्या पद्धतीचं झिंक असेल तर असतो. असला तर त्याचं पाणी आणि ॲसिड एका गटारात सुद्धा भेटता कामा नये. हायड्रोजन सायनाइड तयार होतो आणि माणूस तिथंच पडतो. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, एवढंच कर की आधी ते विचार आणि मग पुढचं वाच.

आता तपासणी. तू बीएस्सी केमिस्ट्रीला आहेस म्हणतोस, मग हे तुझ्या हातचं आहे. हायड्रोमीटरवर विश्वास ठेवू नको, वर्कशॉपमधले लोक बॉमे, म्हणजे त्याच्यावरचा घनतेचा आकडा, बघून ॲसिड स्ट्राँग आहे का संपलंय ते ठरवतात, पण पाण्यात धातू वाढला तरी बॉमे वाढतो, त्यामुळं मेलेलं ॲसिड सुद्धा जिवंत दिसतं. तांबं हायपोच्या टायट्रेशननं काढ. १ मिली सॅम्पल घे, पाणी घाल, अमोनियानं जरा निळसर होईपर्यंत ॲसिड मार, मग ॲसेटिक, मग पोटॅशियम आयोडाइड, आणि ०.१ नॉर्मल हायपोनं टायट्रेट कर, फिकट पिवळं झालं की शेवटी स्टार्च. हायपोच्या दर मिलीला ६.३५ मिलीग्राम तांबं. म्हणजे ४.७ मिली हायपो लागला तर लिटरला साधारण ३० ग्रॅम तांबं आहे. लोखंड असेल तर ते आयोडीन जास्त सोडतं आणि तांबं जास्त दिसतं, त्यासाठी चिमूटभर अमोनियम बायफ्लोराइड टाकतात, पण त्याला हातमोजे पाहिजेतच, ते कातडीतून आत जातं. फ्री ॲसिड कॉस्टिकनं काढ. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, पांढरं दही झालं की समज हायड्रोक्लोरिक मिसळलंय. नायट्रेटला ब्राउन रिंग टेस्ट, शाळेतली. निकलला डायमिथाइल ग्लायॉक्झिम, अमोनिया टाकून लाल साका येतो. आठही पिंपांचं असं एक पान तयार कर, त्या एका पानावर तुझा निम्मा निर्णय होऊन जातो.

समज पान चांगलं आलं. २०० लिटरचं पिंप, लिटरला ३० ग्रॅम तांबं, फ्री सल्फ्युरिक १०० ग्रॅमच्या आसपास, क्लोराइड आणि नायट्रेट नाही. तर त्यात ६ किलो तांबं आहे. आता फॅराडेचा हिशोब, १८३४ पासून तो एक पैसा इकडचा तिकडं झालेला नाही. एक अँपिअर एक तास वाहिला तर जास्तीत जास्त १.१८६ ग्रॅम तांबं बसतं. म्हणजे किलोला ८४३ अँपिअर-तास. ६ पैकी ५ किलो काढायचं ठरवलं (शेवटचा किलो का सोडायचा ते पुढं सांगतो) आणि १०० तला ९० करंट कामाला लागला तर साधारण ४,६८० अँपिअर-तास झाले. कॅथोडला, म्हणजे मायनसला, ५० बाय ५० सेंटिमीटरचा पत्रा घेतला, दोन्ही बाजू मिळून अर्धा चौरस मीटर, चौरस मीटरला २०० अँपिअर या हिशोबानं १०० अँपिअर सोडायचा, म्हणजे ४७ तास, दोन दिवस दोन रात्री. सेलवर व्होल्टेज २.२ च्या आसपास राहतं, रेक्टिफायरचा तोटा धरून मीटरवर १३ युनिटच्या जवळपास पडतील. ५ किलो तांब्याला १३ युनिट. आजचा तांब्याचा भाव आणि तुझा युनिटचा दर घालून तूच बघ, वीज हा इथं खर्चच नाही.

पण माझ्या मते खरा फायदा तांब्याचा पण नाही. हे लोकांच्या लक्षातच येत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. पिकलिंगमध्ये काय झालं? तांब्यावरचा काळा ऑक्साइड ॲसिडानं खाल्ला, तांबं पाण्यात गेलं आणि ॲसिड संपलं. सेलमध्ये बरोबर याच्या उलटं होतं. कॅथोडवर तांबं बसतं आणि ॲनोडवर, म्हणजे प्लसच्या पत्र्यावर, पाणी फुटून ऑक्सिजन वर जातो आणि ॲसिड मागं राहतं. दर किलो तांब्यामागं दीड किलो सल्फ्युरिक परत जिवंत होतं, नेमकं म्हटलं तर १.५४. म्हणजे तुझ्या त्या पिंपात ५ किलो तांब्याबरोबर जवळजवळ पावणेआठ किलो ॲसिड परत आलं, आणि ते पिंप टाकायचं नाही, गाळून परत पिकलिंगच्या टाकीत घ्यायचं. तेच ॲसिड चुन्यानं मारायला गेलास तर काय होतं बघ. २०० लिटरमधलं नुसतं २० किलो फ्री ॲसिड मारलं तरी ३५ किलो जिप्सम होतो, तो पण वाळवून, ओला तर कितीतरी जास्त, आणि त्यात तांबं मिसळलेलं म्हणून तो घातक कचरा, तो भरायचा, साठवायचा, रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला पाठवायचा, किलोमागं पैसे मोजायचे. ॲसिड परत फिरवलं की हे सगळं होतच नाही. मी लोकांना म्हणतो सेलकडं तांब्याची खाण म्हणून बघू नका, ॲसिड धुणारा धोबी म्हणून बघा, तांबं ही त्याची मजुरी.

आता शेवटचा किलो का सोडायचा. आषाढीला पंढरपूरच्या स्टँडवर कधी उभा राहिलायस? एसटी लागायचा अवकाश, भरली. तीच एसटी एरवी दुपारी तीनला लागली तर अर्धी रिकामी जाते, आणि ड्रायव्हर वेळेवरच निघणार. कॅथोडवर तसंच आहे. करंट म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, तांब्याचे आयन म्हणजे प्रवासी, आणि पत्र्याला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो, मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तो हलत नाही, त्यातून आयनला पायी यावं लागतं. लिटरला ३० ग्रॅम असतं तेव्हा गर्दी आहे, गाडी भरून जाते. २ ग्रॅमवर आलं की गर्दी पंधरा पटीनं कमी, पण गाड्या तेवढ्याच, मग रिकाम्या सीटवर हायड्रोजन बसतो. तांबं गुलाबी पत्र्यासारखं न बसता तपकिरी भुसा होऊन बसतं, हात लावला की गळतं, खाली पडून परत विरघळतं. म्हणून साध्या पत्र्याच्या सेलवर ५ ग्रॅमच्या खाली ओढत बसू नये. ॲसिड परत टाकीतच जाणार असेल तर त्यात ५ ग्रॅम राहिलं म्हणून काय बिघडलं, पुढच्या फेरीत निघेल. आणि हा थर पातळ करायचा एक उपाय म्हणजे पाणी हलतं ठेवणं, छोटा प्लास्टिकचा ॲसिड पंप लावून खालून वर फिरवलं की फरक डोळ्यानं दिसतो. ज्यांना खूप खाली जायचंच असतं ते फिरणारा कॅथोड नाहीतर जाळीचा कॅथोड वापरतात, तुला त्याची आत्ता गरज नाही.

वेल्डिंग मशीनचा विचार सोडून दे. साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो एसी देतो, त्यानं काहीच बसणार नाही. डीसीवाला असला तरी तो ६०-७० व्होल्टवर उघडा असतो, ओल्या फरशीवर ॲसिडाच्या हातानं ते नको, आणि दोन व्होल्टवर स्थिर राहायला तो बनलेलाच नाही. प्लेटिंगचा रेक्टिफायर मामाकडं असणारच, ० ते १२ व्होल्टचा, सुट्टीच्या दिवशी तोच चालेल. फक्त ध्यान अँपिअरवर ठेव. व्होल्ट वाढवला की जास्त तांबं येतं हा गैरसमज आहे, व्होल्ट वाढून करंट थराच्या ताकदीबाहेर गेला की हायड्रोजनच वाढतो. रोज मात्र एकाच करंटवर व्होल्ट किती लागतोय ते वहीत लिही, तो हळूहळू चढायला लागला की क्लॅम्प गंजलेत किंवा ॲनोड खराब झालाय हे तुला दोन दिवस आधी कळतं.

ॲनोडला स्टीलचा पत्रा लावायचा नाही. तू बघितलेल्या व्हिडिओत दोन्हीकडं स्टेनलेसच लावलं असेल, सगळे तेच करतात. कॅथोडला स्टेनलेस उत्तम, ३१६ घे, कडेला पीव्हीसीची पट्टी किंवा ॲसिडात टिकणारी टेप लाव म्हणजे तांबं कडेवरून वळून दोन्ही बाजू एकमेकांत शिवत नाही, आणि एक मिलीमीटरचा थर झाला की पत्र्यासारखा सोलून निघतो. पण तेच स्टेनलेस प्लसला लावलंस की ते विरघळतं, त्यातलं लोखंड, निकल आणि क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि त्या क्रोमियमचा काही भाग हेक्झाव्हॅलंट होतो, म्हणजे कॅन्सर करणारा. तांबं काढायला गेलास आणि त्याच्याहून विषारी पाणी करून बसलास. सल्फेटच्या पाण्याला शिश्याचा ॲनोड लावतात, शिसं-कॅल्शियम-टिनचा किंवा अँटिमनीवाला, त्याच्यावर चॉकलेटी थर धरतो तो चांगला, तो घासून काढायचा नाही. शिश्याचा थोडा गाळ खाली बसतो, तो हातानं उपसायचा नाही, नीट साठवायचा. पैसे असतील तर टायटेनियमवर इरिडियम ऑक्साइड लावलेला ॲनोड घे, महाग आहे पण शिश्याची कटकट जाते.

हायड्रोक्लोरिक मिसळलेलं पिंप या सेलमध्ये घालू नको. ॲनोडवर क्लोरीन निघतो आणि शिश्याचा ॲनोड पण खातो. बोअरचं पाणी सुद्धा मी टाळतो, आपल्याकडच्या बोअरला क्षार असतात, भर घालायला डीएमचं (क्षार काढलेलं) पाणी घे. गॅल्वनायझिंगवाल्यांचं हिरवं ॲसिड, लिटरला शंभर ग्रॅमच्या वर लोखंड, ते पण करंटनं सोडवायचं काम नाही, त्याचे रस्ते वेगळे. एकूणच लोखंड हा या धंद्यातला उंदीर आहे, फेरिक कॅथोडवर येऊन फेरस होतं, फेरस ॲनोडवर जाऊन परत फेरिक होतं, नुसतं इकडून तिकडं पळतं आणि तुझा करंट खातं, आणि वर बसलेलं तांबं पण विरघळवतं. पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) फेरिक क्लोराइडमधून तांबं काढायला जाणारे बहुतेक इथंच अडकतात. म्हणून पिकलिंगच्या टाकीत खिळे, तार, लोखंडी हूक पडू देऊ नको.

ॲसिडात तेल, प्लेटिंगचं ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) असं काही आलं असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळून मगच घे, नाहीतर थर ठिसूळ होतो आणि सोलताना तुकडे पडतात. मोठ्या प्लांटमध्ये थर गुळगुळीत यावा म्हणून ग्वार गम टाकतात, आपल्या गवारीच्या बियांचाच डिंक, मला पहिल्यांदा कळलं तेव्हा लई भारी वाटलं होतं. तुझ्या सेलला त्याची गरज पडणार नाही, करंट आवाक्यात ठेवलास की पुरे.

हवा. ॲनोडवरचे ऑक्सिजनचे बुडबुडे फुटताना ॲसिडाचे बारीक तुषार उडवतात, दोन तासांत घसा खवखवतो, महिन्यात छताचा पत्रा गंजतो. वर प्लास्टिकचे पोकळ बॉल पसरून टाक, एकावर एक दाटीनं, तुषार तिथंच अडतात, आणि कडेला एक्झॉस्ट लाव. हायड्रोजनचं म्हणशील तर १०० अँपिअर सगळाच्या सगळा तिकडं वळला तर तासाला ४० लिटरच्या वर हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पुरतो. तांबं संपलेला सेल रात्रभर बंद खोलीत चालू राहिला तर हेच होतं. त्यामुळं खोली उघडी, टायमर लावलेला, आणि आत बिडी-काडी बंद म्हणजे बंद. करंट चालू असताना क्लॅम्प काढायचा नाही, ठिणगी तिथंच पडते. लाईट गेली तर पत्रे वर उचलून ठेवायची सोय कर, पण ती बाहेर उभं राहून ओढता येईल अशी, कप्पी-दोरी चालते, मी त्या प्रसंगानंतर सगळीकडं तीच लावली.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, निकल. निकल आणि तांबं एकाच पिंपात असलं तर चिंता नको, तांबं +०.३४ व्होल्टला बसतं, निकल –०.२५ ला, आणि एवढ्या ॲसिडात निकल बसायच्या आधी हायड्रोजनच निघतो, त्यामुळं पत्र्यावर तांबंच येणार. पण याच कारणानं निकल काढणं अवघड आहे. त्याला पीएच ३.५-४ च्या आसपास धरून ठेवावा लागतो, बोरिक ॲसिड लागतं, पाणी ५०-६० डिग्री गरम, आणि ॲनोडवर तयार होणारं ॲसिड सारखं मारत बसावं लागतं नाहीतर पडदा घालून दोन कप्पे करावे लागतात. छोट्या वर्कशॉपनं ह्याच्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी निकलचं पाणी जातंच का ते बघ. बाथमधून पट्टी काढली की कामगार लगेच धुवायला नेतो, ती बाथवरच १०-१५ सेकंद टांगून निथळू दे. त्याच्या पुढं एक साठलेल्या पाण्याची पहिली टाकी ठेव, वाहती नको, आणि बाथ गरम असतो त्यामुळं त्यातलं जे पाणी उडून जातं त्याची भर या टाकीतून घाल. सोलापूरचं ऊन आहे, उन्हाळ्यात बाथ रोज केवढा उतरतो तुला माहीत आहे, म्हणजे निकल आपोआप घरी परत जातं, एक रुपयाचा करंट न लावता. निकलच्या बाथमध्ये तांबं शिरलं आणि खोबणीत काळं यायला लागलं तर मात्र करंट वापरायचा, डमीचा (नुसता घाण ओढायला टांगलेला) पत्रा लावून चौरस डेसिमीटरला पाव ते अर्धा अँपिअर, तांबं आधी त्याच्यावर बसतं. हे मामाला माहीत असेल.

थंडीत टाकीच्या तळाला निळे खडे बसलेले तू बघितले असतील, ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. किलोभर तांब्याचं जवळजवळ चार किलो मोरचूद होतं, आणि मला बरेच जण विचारतात की करंट कशाला, खडेच काढून विकतो की, सांगोल्याला डाळिंब, पंढरपूरकडं द्राक्षं, बोर्डोला (मोरचूद-चुन्याच्या फवारणीला) गिऱ्हाईक तयार आहे. हे करू नको. तुझ्या टाकीत निकल आहे, शिसं असू शकतं, आणि खडे धरताना पाण्यातली घाण पण सोबत येते, ती त्या माणसाच्या बागेत आणि पुढं खाणाऱ्याच्या पोटात जाणार. ते खडे परत पाण्यात विरघळवून सेललाच दे, तांबं म्हणून विक.

आणि तो पिंपं न्यायला आलेला माणूस. तो काय करतो मी बघितलंय. भंगारचं लोखंड टाकतो, लोखंड विरघळून तांब्याचा लगदा खाली बसतो, लगदा तो विकतो, आणि मागं उरलेलं हिरवं आंबट पाणी, त्यात सगळं ॲसिड आणि लोखंड आणि तुझं निकल, ते रात्री ओढ्यात. त्या ओढ्याच्या कडेला कुणाची तरी विहीर असते. कायद्यानं तर ते पिंप शेवटपर्यंत मामाच्याच नावावर आहे, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणं वापरलेलं ॲसिड हा घातक कचरा, ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही आणि परवाना नसलेल्याला द्यायचा नाही. तुझी आठ पिंपं किती जुनी आहेत ते त्या पानावर लिही.

कितीही फिरवलं तरी कधीतरी ॲसिडात झिंक, निकल, लोखंड इतकं साठतं की ते बाहेर काढावंच लागतं, वर्षातून एखाद-दोनदा. तेव्हा आधी सेलवर तांबं जेवढं उतरेल तेवढं उतरव, मग चुन्यानं पीएच ९ च्या जवळ न्यायचा, गाळ फिल्टर करायचा, आणि वरचं पाणी तपासायचं, तांबं आणि निकल दोन्ही लिटरला ३ मिलीग्रामच्या आत, पीएच ६ ते ९. पाण्यात अमोनिया असला तर चुन्यानं तांबं पूर्ण बसत नाही, निळसर झाक राहते, ती झाक दिसली की पाणी सोडायचं नाही.

राहिला शेजाऱ्यांच्या ॲसिडचा प्रश्न. स्वतःच्या वर्कशॉपचं ॲसिड स्वतःच्याच टाकीत फिरवायचं असेल तरी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात ते नमूद करून घे. दुसऱ्याचं आणलंस की मात्र तू कचऱ्यावर प्रक्रिया करणारा झालास, त्याला वेगळी परवानगी लागते, नेण्या-आणण्याचे कागद लागतात. आणि कागद बाजूला ठेवले तरी मी नको म्हणेन, कारण शेजारच्या पिंपात काय आहे ते तुला माहीत नाही, त्याला पण माहीत नाही. त्यांना तुझा सेल दाखव, त्यांचा त्यांना लावायला मदत कर, त्यांच्याकडं पण जुना रेक्टिफायर पडलेला असेलच. आणि आधी तुझी आठ पिंपं. प्रत्येकातून पाव लिटर, आधी लाकडी दांड्यानं हलवून मग घ्यायचं, वरवरचं नको, बाटलीवर पिंपाचा नंबर. टायट्रेशनचे आकडे इथं टाक, कुठल्या पिंपापासून सुरुवात करायची ते मी सांगतो.